सेन्सरचा नाइट लॅम्प, डिमेन्शिया असलेल्या सासूबाईंच्या खोलीत: आठ महिने वापरून

हा लॅम्प ऑनलाइन घेतला तेव्हा खाली ढीगभर रिव्ह्यू होते, बाथरूमसाठी मस्त, कपाटात छान बसतो, बाळाच्या खोलीत लावला वगैरे, पण ज्या कामासाठी मी घेत होते त्याबद्दल एकही नव्हता म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमच्या घरी सासूबाईंना डिमेन्शिया आहे आणि त्यांना खोलीत नसलेली माणसं दिसतात. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी पूर्ण वाचा, बाकीच्यांना एवढंच सांगते की लॅम्प चांगला आहे, पैसे वसूल होतात.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच लॅम्प पाच-सहा नावांनी विकला जातो, खोका वेगळा, आत वस्तू तीच. भिंतीच्या सॉकेटमध्ये डायरेक्ट लागतो, तळहाताएवढा चौकोनी, बाजूला सरकवायचं बटण. एका मोडला अंधार पडला की आपोआप लागतो आणि उजाडेपर्यंत चालू राहतो, दुसऱ्या मोडला समोर काही हललं तरच लागतो आणि वीस-पंचवीस सेकंदांनी विझतो. दोनचा सेट साडेचारशेला पडला. नंतर एक चार्जिंगवाला पण घेतला, त्याचं पुढे सांगते.

आधी आईंबद्दल. वय ७९, आम्ही डोंबिवलीला राहतो, दोन बेडरूमचा फ्लॅट. दोन वर्षांपूर्वी न्यूरोलॉजिस्टनी लेवी बॉडी डिमेन्शिया असं निदान केलं. आम्हाला वाटायचं डिमेन्शिया म्हणजे विसरणं, पण या प्रकारात बऱ्याचदा विसरण्याच्याही आधी भास सुरू होतात, आणि तेही पुसट नाही, अगदी स्पष्ट, कपड्यांच्या रंगासकट. आईंना दोन मुलं दिसतात. एक मुलगा, एक मुलगी, कपाटाच्या शेजारी खाली बसलेली, काही बोलत नाहीत, नुसती बघत असतात. आई मला विचारायच्या, अगं त्यांना जेवायला घातलंस का, कधीची बसलीयत. मी हो म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही, स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी पदरात बांधून आणायच्या आणि उशीखाली ठेवायच्या, सकाळी गादीवर मुंग्यांची रांग. एखादा दिवस मात्र इतका स्वच्छ जातो की पेपर वाचतात, भाजी काय आणलीस म्हणून विचारतात, माझ्या माहेरची चौकशी करतात, आणि दुसऱ्या दिवशी परत काही नाही. या वर-खाली होण्याने आम्ही सुरुवातीला फार गोंधळलो, नवऱ्याला वाटायचं आई मुद्दाम करतेय.

मुलांचा त्यांना त्रास नव्हता. त्रास होता पडद्यामागच्या माणसाचा. रात्री दोन-अडीचला हाक यायची, अगं पुरुष उभा आहे तिथे, आणि जाऊन बघावं तर त्या पलंगाच्या कडेला, अंग थरथरतंय, एकदा तर उठून पळायला गेल्या आणि पडल्या. डोक्याला लागलं नाही हे नशीब, पण मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये.

डॉक्टरांकडे मी गेले ती खरं तर झोपेची गोळी मागायलाच. तीन रात्री मी नीट झोपले नव्हते, त्यांना म्हटलं काहीतरी द्या, शांत होतील असं. त्यांनी ज्या पद्धतीने समजावलं ते मला इथे लिहायचंच आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, भासाचा त्रास त्यांना होतोय का तुम्हाला? मुलांच्या बाबतीत उत्तर होतं, मला होतोय. मग मुलांना राहू दे म्हणाले. माणसाचं बघू. भास दाबणाऱ्या ज्या गोळ्या असतात त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच सगळ्यात कडक इशारा दिलाय की डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, आणि लेवी बॉडीवाल्यांना त्या आणखी वाईट, अंग लाकडासारखं कडक होतं, माणूस बेशुद्धीकडे जाऊ शकतो, त्यातली हॅलोपेरिडॉल नावाची गोळी तर अजिबात नाही. त्यांनी आईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात तसं लिहून दिलं आणि म्हणाले रात्री-बेरात्री कुठल्याही हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर आधी हे पान दाखवायचं. गोळी कधीच लागत नाही असं नाही म्हणाले, लागली तर अगदी थोडी आणि लक्ष ठेवून देऊ, पण त्याआधी बाकी सगळं तपासून बघू.

बाकी सगळं म्हणजे लघवीची तपासणी, रक्तातलं सोडियम, पोट साफ होतंय का, पाणी किती पितात, डोळ्यांचा नंबर, कानाचं मशीन आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. गोळ्यांच्या पिशवीत सर्दीची एक पट्टी निघाली. साधी सर्दी झाली होती म्हणून आम्हीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली, आणि नेमके ते चार दिवस सगळ्यात वाईट गेले होते. अशा बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन नावाचं औषध असतं आणि ते डिमेन्शियामध्ये डोकं आणखी गढूळ करतं. ती पट्टी त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकली. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढलेला निघाला, त्याचं ऑपरेशन नंतर झालं. आणि शेवटी विचारलं, रात्री खोलीत लाइट कुठला असतो?

आमच्याकडे झिरोचा हिरवा बल्ब होता, लग्नापासून तोच. त्या उजेडात धड अंधारही नाही आणि धड दिसतही नाही. डॉक्टर म्हणाले नसलेलं दिसणं एक, आणि असलेल्या वस्तूचं भलतंच काहीतरी दिसणं दुसरं, दुसऱ्यावर उजेडाने बराच फरक पडतो, ते आधी करून बघा. म्हणून हा लॅम्प.

आता लॅम्पचं. पहिले आठ-दहा दिवस हा लॅम्प आमच्यासाठी पूर्ण फेल गेला आणि तो दोष लॅम्पचा कमी, आम्ही जसा लावला त्याचा जास्त. मी पलंगाशेजारच्या खालच्या सॉकेटमध्ये लावला आणि हललं की लागेल या मोडवर ठेवला, वाटलं आई उठल्या की लागेल, किती सोयीचं. दुसऱ्याच रात्री त्यांनी कूस बदलली, लॅम्प लागला, आणि त्या ओरडल्या, कोण आलं, कोणी दिवा लावला? आपल्याला कळतं की सेन्सर आहे. त्यांच्यासाठी अंधारात कोणीतरी बटण दाबलं. तेवढ्यात वीस सेकंद संपले आणि तो विझला, म्हणजे तो माणूस दिवा घालवून लपला. मी त्यांना सेन्सर म्हणजे काय ते समजावत बसले, पंधरा मिनिटं, रात्री तीन वाजता. आता आठवलं की वाईट वाटतं, त्या घाबरलेल्या होत्या आणि मी त्यांना यंत्र समजावत होते.

मग मोड बदलला, रात्रभर चालू राहील असा. तरी माणूस होताच, उलट म्हणे आता उंच झालाय. नवरा म्हणाला टाकून दे ते. मी मात्र त्या रात्री एक केलं, आईंना आमच्या खोलीत झोपवलं आणि मी त्यांच्या पलंगावर झोपले, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून, चष्मा काढून. आणि मला दिसला तो माणूस. लॅम्प खाली जमिनीजवळ, त्याच्या समोर खुर्ची, खुर्चीवर त्यांचा गाऊन टाकलेला, त्याची सावली भिंतीवरून थेट छतापर्यंत, खाली रुंद, वर डोक्यासारखा गोळा. पडद्यावर मोठी मोठी पानं, पंख्याने पडदा हलतोय तशी पानं हात हलवल्यासारखी दिसतायत. कपाटाच्या आरशात हे सगळं परत एकदा. तोवर मी आईंना कितीदा म्हटलं असेल की तिथे काहीच नाहीये. तिथे होतं.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला घेतली. खुर्ची बाहेर, दाराच्या हुकावरचे कपडे बाहेर, पडदा बदलून साधा मोतिया रंगाचा जाड लावला, आरशावर त्यांचीच जुनी इरकल साडी चारही बाजूंनी नीट बसवली. आरशाचं नुसत्या सावलीपुरतं नाही, यात काही जणांना आरशातला स्वतःचा चेहराच ओळखू येत नाही, घरात कोणी परकी बाई शिरलीय असं वाटतं, तेव्हा आरसा झाकून ठेवलेला बरा. लॅम्पसाठी इलेक्ट्रिशियनकडून पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर सॉकेट काढून घेतलं, म्हणजे उजेड त्यांच्या मागून पुढे पडतो, डोळ्यांवर येत नाही आणि समोर सावली पडायला काही उरलेलंच नाही. आणि सेटमधले दोन्ही पांढऱ्या उजेडाचे होते, ट्यूबसारखे निळसर, ते मला आवडले नाहीत, बेडरूमसाठी पिवळा मागवला. पांढऱ्यातला एक पॅसेजमध्ये आणि एक बाथरूमच्या दाराशी लावला, तिथे मात्र हलल्यावर लागणारा मोडच चांगला, कारण तिथे जाताना आई जाग्या असतात, सोबत आमच्यापैकी कोणीतरी असतं आणि पायाखालचं स्वच्छ दिसतं. बाथरूमसमोरचं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं, त्यावर पाय ठेवायच्या नाहीत, तेही तेव्हाच लक्षात आलं, आता टाइल्सच्याच रंगाचं आणलंय.

फरक पडला का? पडला. मी डायरी ठेवते, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, किती वाजता, काय दिसलं, घाबरल्या का, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. आधी आठवड्यातल्या चार-पाच रात्री हाक यायची, दोन महिन्यांत ती एखाद्या रात्रीवर आली. पण लॅम्पला सगळं श्रेय देणं बरोबर नाही, कारण त्याच सुमाराला डॉक्टरांनी रिव्हास्टिगमिन या औषधाचा अंगावर चिकटवायचा पॅच सुरू केला, लेवी बॉडीच्या भासांवर त्याचा उपयोग होतो, आणि नंतर डोळ्याचं ऑपरेशन पण झालं. तरी खुर्ची हलवली त्याच रात्री माणूस आला नाही, पॅच तेव्हा सुरू व्हायचा होता, हे मी डायरीत बघून सांगतेय.

मुलं अजून येतात. कोपऱ्यातच बसतात. आता मी आईंना, कोणी नाहीये हो तिथे, असं म्हणत नाही, आणि हो मला पण दिसतात असंही म्हणत नाही, मला ते जमत नाही. मी म्हणते, मला नाही दिसत आई, तुम्हाला दिसतायत ना, काय करतायत? भीती वाटतेय का? बहुतेक वेळा म्हणतात, छे, लहान पोरं ती, त्यांची काय भीती. मग मी जवळ बसते, हात धरते, थोड्या वेळाने त्या दुसरंच काहीतरी बोलायला लागतात. आमच्याकडे आता ज्या मावशी दिवसा येतात त्यांची पद्धत वेगळी आहे, त्या सरळ कोपऱ्याकडे बघून म्हणतात, चला रे पोरांनो, बाहेर खेळा, आजीला झोपू द्या. आई खूश होतात आणि झोपतात. हे बरोबर का चूक यावर माझी आणि नणंदेची वादावादी झाली, पण आई शांत झोपतात म्हणून मी मावशींना थांबवलं नाही. त्यांच्या आधी ब्युरोकडून जी बाई आली होती ती मात्र आईंना म्हणायची, तिथे भूत असेल आजी, आणि हसायची. त्या आठवड्यात आईंनी खोलीत पाऊल टाकायला नकार दिला. मी ब्युरोला फोन केला तर म्हणाले, अहो त्यांना थोडीच काही कळतंय. मी त्याच दिवशी बाईला बंद केलं. कळतं त्यांना, भीती पूर्ण कळते. इमारतीतल्या एक बाई बाहेरचं आहे, कोणाला तरी दाखवा म्हणून सांगून गेल्या, त्यांनाही मी स्पष्ट सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे आणि आम्ही डॉक्टरना दाखवलंय.

लॅम्प कुठे कामाचा नाही तेही लिहायला हवं. संध्याकाळी नाही. आईंची घालमेल साडेपाच-सहापासून सुरू होते, हे माझं घर नव्हे, मला देवरुखला पोचवा, आई वाट बघत असेल. लॅम्पचा सेन्सर चांगला अंधार झाल्याशिवाय लागत नाही, तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे आम्ही पाचलाच सगळ्या घरातल्या ट्यूबलाइट लावतो, पडदे ओढतो, आणि देवापाशी दिवा लावायचं काम आईंना देतो. शुभंकरोती अजून अख्खं पाठ आहे, एक शब्द चुकत नाही, त्यात अर्धा तास बरा जातो. तरी उठल्याच तर मी चप्पल घालते, चला म्हणते, खाली सोसायटीला एक चक्कर मारतो, देवरुखच्या विहिरीबद्दल, फणसाबद्दल विचारते, आणि फिरून लिफ्टपाशी आलो की बऱ्याचदा त्याच म्हणतात, चल घरी जाऊ. देवरुखचं घर आता नाही, त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा सांगितलं होतं आणि त्या जणू त्याच क्षणी बातमी कळल्यासारख्या रडल्या. परत कधीच सांगितलं नाही.

आणि मनात बसलेल्या संशयावर तर कुठलाच लॅम्प चालत नाही. माझ्या पाटल्या तू घेतल्यास. हे मी वर्षभर ऐकलंय, पाहुण्यांसमोर, माझ्या आईसमोरसुद्धा. सव्वीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात उभी राहिले त्यांनी चोर म्हणावं, मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. ज्या बाईंमुळे अल्झायमर हा डिमेन्शियाचाच दुसरा प्रकार जगाला कळला, ऑगुस्टे डेटर, १९०१ साली फ्रँकफर्टच्या दवाखान्यात आणलेल्या, त्यांचंही आधी विसरणं लक्षात आलं नव्हतं, नवऱ्यावर संशय घ्यायला लागल्या होत्या. म्हणजे हे आईंच्या मनातलं माझ्याबद्दलचं मत नाही, आजार असाच बोलतो. ते ऐकल्यावर मला बरंच हलकं वाटलं. आता मी घेतल्या नाहीत म्हणून भांडत नाही. अगंबाई, पाटल्या दिसत नाहीयेत का, चला शोधू, असं म्हणून दोघी शोधतो. खऱ्या पाटल्या लॉकरला, एक ग्रॅमच्या दोन जोड्या आणून ठेवल्यात, सापडतात त्या कधी तांदळाच्या डब्यात, कधी अभ्र्यात. सापडल्या की, बघ, नीट ठेवत जा, असं मलाच सांगतात आणि मी बरं म्हणते. कचरा बाहेर टाकायच्या आधी मात्र रोज उचकून बघावा लागतो, कवळी एकदा त्यातच मिळाली.

एक फार महत्त्वाचं. मे महिन्यात एका दिवसात सगळं बिघडलं. चादरीवरून काहीतरी वेचत होत्या, दिवसा गुंगी, रात्रभर बडबड, मला ओळखलंच नाही. मी पहिली रात्र लॅम्पशी खेळत घालवली, उजेड कमी-जास्त करून. सकाळी डॉक्टरना फोन केला तर म्हणाले ताबडतोब लघवी तपासा, इन्फेक्शन निघालं, ताप नावालाही नव्हता. औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात पूर्वीसारख्या झाल्या. तेव्हा एक-दोन दिवसांत अचानक असं झालं तर घरात काही बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि सांभाळणाऱ्यांसाठी, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. मी एकदा पहाटे चारला केलेला, पलीकडच्या बाईंनी फक्त ऐकून घेतलं तरी मला बरं वाटलं.

आता वस्तूबद्दल राहिलेलं. पाचव्या महिन्यात पॅसेजमधला एक लॅम्प बंद पडला, परत करायची मुदत संपली होती आणि विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. सेन्सर पंख्याने हलणारा पडदाही पकडतो, म्हणून पडद्यासमोर लावू नका. सॉकेटवाल्याची मोठी अडचण म्हणजे लाइट गेली की हाही गेला, आणि पावसाळ्यात आमच्याकडे जातेच, त्या मिट्ट काळोखात आई फार घाबरतात, म्हणून चार्जिंगवाला घेऊन पलंगाच्या लोखंडी डोक्याला मॅग्नेटने चिकटवलाय, लाइट गेली की मीच तो चालू करते. तो एकदा चार्ज केला की सतत चालू ठेवून एक रात्र जेमतेम काढतो, त्यामुळे रोजच्या वापराला सॉकेटवालाच.

बेडरूममध्ये रात्रभर चालू मोडला पाचपैकी चार, हलल्यावर लागणाऱ्या मोडला तिथे एक, पॅसेजला पाच. घेताना दोन्ही मोड आहेत ना ते बघा, पुष्कळ स्वस्त लॅम्पमध्ये फक्त हलल्यावर लागणाराच असतो. रंगासाठी वॉर्म व्हाइट किंवा ३००० के असं खोक्यावर लिहिलेलं असतं, फोटोत सगळेच पिवळे दिसतात, त्यावर जाऊ नका. आणि लावून झाल्यावर एक रात्र त्यांच्या उशीवर झोपून बघा, चष्मा काढून.